चढणीचे मासे अडतात कुठे? पुण्याच्या ओढ्या-नद्यांत माशांना जागा करून देण्याबद्दल

ओढ्याकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. गेल्या मे महिन्यात जे झालं त्यानंतर राहवलं नाही.

मी बावधनला राहतो. घराच्या मागून रामनदी जाते. खाटपेवाडीच्या डोंगरात तिचा उगम, मग भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर करत औंधजवळ ती मुळेला मिळते. कागदोपत्री नदी असली तरी आमच्याकडे सगळे तिला नालाच म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा जणांनी तिच्या एका तुकड्यावर काम सुरू केलं. तुकडा जेमतेम साठ-सत्तर मीटरचा. आधी राडारोडा आणि प्लास्टिक उचललं. आमच्यात एक काका आहेत, मूळचे मुळशीचे, सगळं लहानपण नदीत गेलेलं. पहिल्याच रविवारी ते म्हणाले, "कचरा काढाल, पण मासा राहणार कुठं? त्याला दगड लागतो, सावली लागते." मग त्यांच्या सांगण्यावरून पात्रातलेच मोठे दगड तिरक्या ओळीत मांडले. बांध घातला नाही, दोन दगडांमध्ये हात जाईल एवढी फट ठेवली. पुढचं काम दोन पावसाळ्यांत पाण्यानेच केलं. दगडांच्या खालच्या अंगाला उकरून गुडघाभर डबकं झालं, वरच्या अंगाला बारीक खडी साठली आणि मधे पाणी खळखळायला लागलं. काठाला पाणकणीस आपलं आपण आलं. करंज आणि उंबराची रोपं लावली होती, तीही धरली.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात तिथे उकिडवा बसून मी एक दगड हलकेच उचलला. खाली बोटाएवढा मासा, अंगावर आडवे पट्टे. पळाला नाही. गढूळ झालेलं पाणी निवळेपर्यंत तसाच खडीवर पोट टेकून राहिला, मग सावकाश शेजारच्या फटीत शिरला. मुऱ्या! काका म्हणाले, खडीच्या फटी गाळाने बुजल्या की हा राहत नाही, तो दिसला म्हणजे तळ मोकळा आहे. उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा, हेही त्यांनीच शिकवलं. उलटा ठेवला तर खालच्या अंगाला चिकटलेले किडे चिरडतात नाहीतर उघडे पडतात, आणि मुऱ्या त्यांच्यावरच जगतो.

गेल्या मे महिन्यात पावसाळापूर्व नालेसफाई आली. जेसीबी सकाळी नऊला आला आणि साडेअकराला गेला. दगड काठावर ढकलले, पाणकणीस मुळासकट उपटलं, तळ पाटासारखा सपाट केला. चालवणाऱ्या दादांचा यात दोष नाही, त्यांना "साफ करा" एवढंच सांगितलेलं. ज्यांनी काम दिलं त्या कार्यालयात आम्ही गेलो, फोटो दाखवले. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण आता किती स्वच्छ दिसतंय बघा." मला त्या वाक्याचा अजून त्रास होतो, कारण ते मनापासून म्हणत होते.

नदी सुधारायची म्हटलं की आपण पाण्याबद्दल बोलतो, काठाबद्दल बोलतो. मासा जिथे खातो, लपतो, अंडी घालतो त्या तळाबद्दल कुणी बोलत नाही. आणि त्याच्या वाटेबद्दलही नाही.

वाटेचं सांगतो. मृगाचे पाऊस पडून ओढे लाल झाले की मासे प्रवाहाच्या उलट चढायला लागतात. मावळ-मुळशीत याला चढणीचे मासे म्हणतात, इथल्या अनेकांनी ते धरलेही असतील, खाल्लेही असतील. पोटात अंडी घेऊन ते मोठ्या नदीतून लहान ओढ्यात येतात, कारण तिथलं पाणी उथळ, ताजं असतं, काठचं गवत पाण्याखाली गेलेलं असतं आणि पिल्लांना खाणारे मोठे मासे तिथवर पोचत नाहीत. शहरात मात्र हा मासा वर येतो आणि पुलाखालच्या सिमेंटच्या पायरीला थडकतो. ती पायरी दीड-दोन फुटांची. रस्त्यावरून जाताना आपल्याला ती दिसतसुद्धा नाही.

आम्हाला पुन्हा सुरुवात करायची आहे. तुमच्या भागातल्या ओढ्यात, नदीत कुणी काही केलं आहे का? कुठे मासे चढताना पाहिले आहेत का? लिहा.

कर्वेनगरकर

वाचून गलबलून आलं. माझं बालपण मुठेच्या काठी गेलं. विठ्ठलवाडीला देवदर्शन झालं की पाण्यात पाय सोडून बसायचं. पोरं पोहायची, आम्ही मुली पंचाने मासे धरायचो आणि परत सोडायचो. पाण्यात पाय सोडले की माशांनी टाचा टोचलेल्या अजून आठवतात. आता नातवाला घेऊन गेले तर नाक धरून उभा राहिला.

जुनी_कात्रणं

चांगला धागा. थोडी भर घालतो, कारण पुण्याचं आणि माशांचं नातं आपल्याला वाटतं त्याहून जुनं आणि मोठं आहे.

कर्नल विल्यम साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी दख्खनभर फिरून नोंदी करायचा. त्याने इथल्या माशांचं शास्त्रीय वर्णन १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केलं. आज ज्याला दख्खनचा महाशीर म्हणतात त्याचं नाव टॉर खुद्री. हा मासा शास्त्राला पहिल्यांदा माहीत झाला तो पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या पात्रातून. आणि 'खुद्री' हे लॅटिन नाही. साइक्सने इथल्या मासेमारांच्या तोंडची नावं जशी ऐकली तशी शास्त्रीय नावांत घातली: खुद्री, कोलुस, मुल्या, फुलुंगी, बोग्गुट. यातला मुल्या म्हणजे आपला मळ्या. नाव सांगणाऱ्या भोई-कोळ्यांची नोंद कुठे नाही, त्यांचे शब्द मात्र जगभरच्या संग्रहालयांतल्या बाटल्यांवर आहेत.

पुढे १९३८ मध्ये सुंदरलाल होरा यांनी वर्णन केलेल्या एका माशाचं तर नावच ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस आहे. हा लहानसा दगडी शिंगटा. छातीखाली वळ्यावळ्यांची कातडी असते, तिच्या आधाराने जोराच्या प्रवाहातही तो दगडाला चिकटून राहतो. दगड आणि वेग, दोन्ही गेले तर हा मासा शुद्ध पाण्यातही राहणार नाही. तुमच्या साहेबांना हे सांगायला हवं होतं.

भीमाकाठ

आम्ही भोई. गाव दौंड तालुक्यात, मुळा-मुठा भीमेला मिळते तिथून पुढं. आजोबा, वडील आणि मी, तिघांनी याच पाण्यात जाळं टाकलं. जुनी कात्रणं दादांनी आमच्या लोकांचं नाव काढलं, बरं वाटलं.

आजोबांच्या वेळी खडशी, वाम, मरळ, शिंगटा, सगळं मिळायचं. वाम धरायला रात्री दगडाच्या कपारीत गळ सोडायचे, कारण ती दिवसा बाहेर येत नाही. आता डोह वाळूवाल्यांनी उपसून नेले, कपारी गाळात गेल्या. जाळ्यात येते ती चिलापी, मांगूर, आणि हल्ली तो सकर मासा, काचेच्या पेटीत ठेवतात तो. अंगावर काटेरी कवच. जाळ्यात गुंतला की सोडवताना हाताचं रक्त निघतं आणि जाळं फाडावंच लागतं. बाजारात त्याला कुणी विचारत नाही. पुण्यातल्या लोकांनी पेटीत मावेना म्हणून नदीत सोडले, ते आमच्याकडे आणि उजनीत वाढले. हात जोडून सांगतो, घरातले मासे नदीत सोडू नका. पुण्य लागत नाही.

आणि वळवाचा पहिला मोठा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी काठाला मेलेल्या माशांचा पांढरा थर. दरवर्षी. ते का होतं कुणी शिकलेल्या माणसानं सांगावं.

रसायनशाळा

भीमाकाठ दादा, मी पाणी तपासण्याच्या कामात बावीस वर्षं होते. तुमचं उत्तर देते.

उन्हाळाभर पात्रात प्रवाह नसतो. मैला आणि गाळ तळाशी बसून कुजत राहतो, त्या थरात प्राणवायू जवळपास नसतोच. वळवाचा लोंढा आला की तो थर एकदम ढवळला जातो, शिवाय गटारांत चार महिने साठलेली घाण त्याच दिवशी नदीत उतरते. पाण्यात विरघळलेला होता तेवढा प्राणवायू ही घाण काही तासांत संपवते. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात ते यामुळे. लोकांना वाटतं कुणी विष टाकलं. कधी कारखान्याचं पाणी असतंही, पण एरवी आपलाच मैला पुरेसा असतो.

आकडा सांगायचा तर मासे जगण्यासाठी लिटरमागे किमान ४ मिलीग्रॅम प्राणवायू हवा, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मत्स्यजीवनासाठी तीच मर्यादा आहे. सोबत सामू (पीएच) ६.५ ते ८.५ आणि मुक्त अमोनिया १.२ मिलीग्रॅमच्या आत. आपल्या हवामानात अगदी स्वच्छ खळाळत्या पाण्यात प्राणवायू साधारण ८ च्या आसपास मावतो. म्हणजे हाताशी फार शिल्लक नसते.

एक चूक मात्र सगळे करतात. नमुना दुपारी घेतात. दुपारी शेवाळ उन्हात प्राणवायू सोडत असतं, आकडा छान येतो. रात्री तेच शेवाळ प्राणवायू खातं. मासा मरतो पहाटे चार-पाचला. तुमच्या बावधनच्या तुकड्यावर मोजायचं असेल तर पहाटे जा. जलपर्णीने झाकलेल्या पाण्यात तर दुपारीही फारसं काही हाती लागत नाही, खाली ऊनच पोचत नाही.

तुम्ही दगडांची जी ओळ मांडली होती तिने पाणी फेसाळत होतं ना? तो फुकटचा प्राणवायू होता.

सिव्हिल_हडपसर

भावना पोचल्या, पण दुसरी बाजू मांडतो. मी पूरनियंत्रणाची कामं केली आहेत. पात्रात दगड, झुडपं, पाणकणीस ठेवलं की पाण्याचा वेग कमी होतो आणि पातळी चढते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते आठवा. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं. माशांसाठी माणसं बुडवायची का? नालेसफाई उगाच करत नाहीत.

ओढ्याकाठचा

सिव्हिल दादा, प्रश्न रास्त आहे आणि त्या दोन्ही रात्री माझ्याही मनात आहेत. आंबिल ओढ्याच्या काठी आमचे नातेवाईक राहतात.

पण त्या रात्री पाणी दगडांनी अडलं नव्हतं. ओढ्याची रुंदी आपण खाल्ली होती. भराव, भिंती, पुलाच्या तोकड्या मोऱ्या. आमच्या तुकड्यातले दगड गुडघ्याएवढे. पूर आला की ते चार-पाच फूट पाण्याखाली जातात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आखलेली आहे, तिच्या आत जे उभं राहिलंय ते किती पाणी अडवतं आणि दगडांची ओळ किती, याचा हिशोब तुमच्यासारख्यानेच करून द्यावा ही खरोखर विनंती. आम्हाला तो येत नाही.

गाळ आणि प्लास्टिक काढायला आमचा विरोध नाही. तळ खरवडायला आहे.

मुठाई

@सिव्हिल_हडपसर, म्युनिक शहरातून इसार नदी जाते. तिचे काँक्रीटचे काठ आणि सरळ कालव्यासारखं पात्र होतं. २००० ते २०११ या काळात आठ किलोमीटरमध्ये त्यांनी काठाचं काँक्रीट काढलं, पात्र रुंद केलं, खडीचे बेट-किनारे होऊ दिले आणि पाण्यातल्या उभ्या पायऱ्यांच्या जागी दगडांचे उतार केले. आणि हे काम पूरसंरक्षणासाठीसुद्धा होतं! रुंदी दिली की पूरही उतरतो आणि मासाही चढतो. आपण रुंदी न देता खोली देत बसतो.

आता आपल्याकडचं मूळ दुखणं, जे या धाग्यात अजून आलं नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठतं. पावसाळा संपला की हे पाणी कालव्याने आणि जलवाहिन्यांनी शहराला आणि पुढे दौंड-इंदापूरच्या शेतीला जातं. जायलाच हवं. पण खडकवासल्याच्या भिंतीखाली मुठेत स्वतःचं म्हणून पाणी सोडलं जात नाही. आठ महिने मुठेत जे वाहतं ते आपल्या घरांतून निघालेलं. जायका या जपानी संस्थेच्या मदतीतून ११ सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांचा प्रकल्प आला, ती सगळी नीट चालली तरी नदीत उतरेल ते शुद्ध केलेलं सांडपाणी. थोडा तरी मूळ प्रवाह सतत सुटला तरच डेक्कनच्या पात्रात मासा परतेल असं मला वाटतं. म्हणून ओढे महत्त्वाचे. त्यांच्यावर मोठी धरणं नाहीत, टेकड्यांचं पाणी अजून त्यांत झिरपतं.

विठ्ठलवाडीचा काठ जीवितनदी या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी दत्तक घेतला आहे. कर्वेनगरकर ताई, एकदा रविवारी नातवाला घेऊन या.

हौशी_गळ

एवढा विचार कशाला? लोणावळ्याला वळवणच्या तलावावर टाटा पॉवरचं महाशीर पैदास केंद्र आहे, १९७० च्या दशकापासून. तिथून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणा आणि हजारोंनी सोडा. दोन वर्षांत मुळा-मुठेत महाशीर. लोकांना मासे दिसले की आपोआप आस्था वाटेल.

जुनी_कात्रणं

@हौशी_गळ, त्या केंद्राने मोठं काम केलंय, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण सोडलेला मासा राहणार कुठे? महाशीर अंडी घालतो ती वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातल्या खडीवर. ती खडीच नसेल तर दरवर्षी सोडा आणि दरवर्षी मरू द्या.

दुसरं जास्त गंभीर आहे. हाच आपला खुद्री कर्नाटकात कावेरीत नेऊन सोडला गेला. तिथे त्या नदीचा स्वतःचा कुबड्या महाशीर होता, फक्त त्याच खोऱ्यातला. आपला मासा तिथे फोफावला आणि कुबड्या मागे पडला. २०१८ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. सोडणाऱ्यांनी चांगल्या मनानेच सोडला होता. रोहू, कटला, मृगळ हेही आपल्या नद्यांचे नाहीत, गंगेकडचे आहेत, आणि आपण ते दर पावसाळ्यात समारंभाने सोडतो.

देहू-आळंदीला इंद्रायणीच्या डोहातले मासे देवाचे म्हणून कुणी धरत नसत. महाडजवळ वाळणकोंडीला आजही धरत नाहीत. तिथे बोटुकली आणून सोडलेली नव्हती. डोह राखला होता, एवढंच.

हौशी_गळ

कावेरीचं माहीत नव्हतं. बोटुकलीचा मुद्दा मागे घेतो. रविवारी दगड उचलायला माणूस हवा असेल तर सांगा, मी वारज्याला राहतो.

भीमाकाठ

ताई, पहाटेचं सांगितलंत ते बरोबर. आम्ही पहाटेच जाळं काढतो तेव्हा मासा अर्धमेला असतो, दुपारी काढला तर जिवंत. कारण आज कळलं.

चढणीबद्दल सांगतो. आमच्याकडं कोल्हापुरी बंधारे आहेत. पावसाळ्यानंतर त्यांत ढापे, म्हणजे पाणी अडवायच्या लोखंडी फळ्या, टाकतात, पावसाळ्याआधी काढायचे असतात. पण काही ठिकाणी ढापे वेळेत निघत नाहीत. गंजतात, चिखलात रुततात, नाहीतर शेतकऱ्याला अजून एक पाणी हवं असतं. त्याचंही खोटं नाही. पण पहिलं लाल पाणी येतं त्या तीन-चार रात्रीच मासा चढतो. त्या वेळी बंधारा बंद असला की खालच्या डबक्यात मासे एकावर एक साठतात, आणि लोक गोणी भरून नेतात. सगळ्या पोटात अंडी. मी स्वतः पूर्वी नेले आहेत. वडिलांनी एकदा असा मासा चिरताना अंड्यांचा गोळा हातावर घेऊन दाखवला आणि म्हणाले, हे पुढच्या सालचं जाळं. तेव्हापासून त्या रात्रींना मी जात नाही.

आमच्या बंधाऱ्याचे ढापे मेअखेर काढायचे म्हणून पाणीवाटप संस्थेच्या बैठकीत बोलतो. वरून तुम्ही ओढा मोकळा करा, खालून आम्ही बघतो.

सिव्हिल_हडपसर

धागा दोनदा वाचला. ओढ्याकाठचा, तुमच्या तुकड्याचा आडवा छेद, उतार आणि पुलाची मोरी मोजून पाठवा. टेप आणि पाण्याची पारदर्शक नळी पुरेल, लेव्हल कशी घ्यायची ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. दगडांच्या ओळीने पुराची पातळी किती चढते ते काढून देतो. नगण्य निघाली तर तसं सहीनिशी लिहून देईन, ते पत्र घेऊन कार्यालयात जा. जास्त निघाली तर मात्र दगड कमी करावे लागतील, हे आधीच सांगतो.

ओढ्याकाठचा

मनापासून आभार. कबूल आहे. मोरी मी आजच मोजून आलो. खालच्या बाजूला सिमेंटची उभी पायरी आहे, बरोबर दोन फूट. तिच्याखाली डबकं नाही, सपाट फरशी आहे. मासा हिच्यावरून चढू शकतो का?

सिव्हिल_हडपसर

हायड्रॉलिक्सपुरतं सांगतो, माशाचं भीमाकाठ सांगतील. फरशीला हात लावू नका, ती पुलाचा पाया धुपू नये म्हणून असते. तिच्या खालच्या अंगाला दगडांचा उतार रचता येईल.

भीमाकाठ

बारका मासा दोन फूट उडी मारत नाही. चार चार इंचांच्या सहा पायऱ्या करा. प्रत्येक पायरीखाली वीतभर खोल डबकं हवंच, मासा आधी दम खातो, मग उडी घेतो. डबकं नसेल तर उडीला जोर कुठून आणणार? आणि एका कडेनं बारीक पाणी दगडांतून झिरपत राहू द्या. मळ्या उडी मारत नाही, तो ओल्या दगडाला हनुवटीखालच्या चकतीनं चिकटून सरपटत चढतो.

हौशी_गळ

दगड कुठून आणायचे? खाणीतून ट्रक मागवायचा तर वर्गणी काढू.

भीमाकाठ

खाणीचा दगड नको, धारदार असतो, माशाचं अंग सोलतं. गोटे लागतील, पाण्यानं गुळगुळीत झालेले. जेसीबीनं काठावर ढकललेले आहेत ना, तेच घ्या.